एका धाग्याचा तारा

पार्सलाची शिवण उसवायला मी ब्लेड हातात घेतलं आणि तसाच थांबलो. मांजरपाटाच्या उजव्या कोपऱ्यात, थोरल्या भावानं, बदरुद्दीनभायनी, शाईनं लिहिलेल्या माझ्या नावाखाली, नेहमीसारखा तारा होता. बोटाच्या पेराएवढा, पाच टोकांचा, जांभळ्या धाग्यानं शिवलेला. पण तो पुरा नव्हता. चार रेघा होत्या. पाचवी निघाली होती आणि निम्म्या वाटेवर थांबली होती. पुढे नुसतं कापड. त्या रिकाम्या जागेवरून मी अंगठा फिरवला, न जाणो धागा कापडाच्याच रंगाचा असेल आणि मला दिसत नसेल. समोरच्या खाटेवर अकबर बुटाच्या नाड्या सोडत बसला होता. दोन महिन्यांची रजा संपवून तो सकाळीच मुंबईच्या आगबोटीतून उतरला होता, आणि हे पार्सल त्यानं माझ्या घरून, माझ्या बायकोच्या, शहरबानूच्या हातून आणलं होतं. "उघड ना," तो म्हणाला. "भाबीन काय त्यात साप घातलान नाय." उघडतो म्हटलं, आणि ब्लेड खाली ठेवलं.

कोणी म्हणेल, एवढंसं ते काय. खरंच एवढंसंच होतं. शुक्रवारची सुट्टी, कुवेतच्या फहाहीलमधली आमची दोघांची खोली, खिडकीच्या फटीतून येऊन उशीवर बसलेली बारीक वाळू, सगळं जिथल्या तिथं होतं. फक्त उद्या सकाळी मला शहरात, मिरकाबच्या ऑफिसात जाऊन सही करायची होती. शुऐबाला बंदराचं काम धडाक्यात चाललं होतं आणि मी तिथल्या गोदामाचा स्टोअरकीपर. मुदीरनं, म्हणजे आमच्या साहेबानं, सरळ सांगून टाकलं होतं: सही केलीस तर आणखी तीन वर्षं, मधे रजा नाही, नाही केलीस तर मुंबईचं तिकीट, आणि तुझ्या खुर्चीवर दुसरा. साठ साली मी इथं आलो. त्रेसष्टला दोन महिने घरी राहून परतलो. आता सहासष्टचा फेब्रुवारी. सही केली की एकदम एकोणसत्तर. साल असं नुसतं बोललं की फार लांब वाटत नाही. हे पार्सल हातात येईपर्यंत मलाही वाटत नव्हतं. पेनात शाईसुद्धा भरून ठेवली होती.

तो तारा शहरबानूला मीच दिला होता. लग्नाच्या आधी मी जहाजावर खलाशी होतो. आमच्या खाडीकाठच्या मुसलमानांच्या दर घरातला एक तरी पोरगा समुद्रावर जायचाच, तसा मीही. पंचावन्न साली आमच्या बोटीचं इंजिन जपानच्या किनाऱ्याजवळ बसलं, आणि ती ओढत नेऊन ज्या गावाच्या गोदीत बांधली त्या गावाचं नाव होतं तोबा. रत्नागिरी-कुलाब्याचे तीस खलाशी आणि गावाचं नाव तोबा, म्हणजे पहिले चार दिवस थट्टेला ऊत आला होता. नंतर थट्टा आपोआप थांबली. कारण एका सकाळी धुकं वर गेलं आणि डेकवर आलेला जो तो कठड्याशी गप्प उभा राहिला. समोर आमचंच गाव होतं. डोंगर थेट पाण्यात उतरलेले, खाडी वळणं घेत आत शिरलेली, एका वळणावरून दुसरं दिसत नाही अशी. काठाला होड्या उलट्या घातलेल्या, काठ्यांवर मासळी वाळत टाकलेली, म्हाताऱ्या उकिडव्या बसून जाळी सांधतायत. माडांच्या जागी वाकडी वाकडी पाइनची झाडं, कौलं काळी, आणि वास जरा वेगळा: तिथं एक लालसर शेवाळ समुद्रातून काढून वाळूवर सुकवतात आणि सुकता सुकता ते पांढरं होतं, त्याचा. बाकी खाडीचा तो चिखलाचा, खारा, ओला वास तोच. सोळा महिने मी घर सोडून होतो. परक्या मुलखात घर दिसावं आणि त्यात आपलं कोणी नसावं, याच्याइतका छळ दुसरा नाही. मी त्या दिवशी जेवलो नाही.

चाळीस दिवस आम्ही तिथं होतो. त्या किनाऱ्यावर बुडी मारायचं काम बायका करतात. पांढरे कपडे, डोक्याला पांढरा रुमाल, कमरेला दोरी. नवरा होडीत बसतो. बायको हातात लोखंडाचं वजन घेऊन खाली जाते, म्हणजे जाण्यात दम खर्च होत नाही. खडकाला चिकटलेले मोठे शिंपले पहारीनं काढते, आणि दम संपत आला की दोरीला झटका देते. मग नवरा तिला वर ओढून घेतो. पोरगी असल्यापासून म्हातारी होईपर्यंत त्या हेच करतात. आमच्या बोटीपासून हाकेच्या अंतरावर अशी एक जोडी रोज यायची. दोघंही पन्नाशीच्या पुढची. ती खाली गेली की आम्ही कठड्याला टेकून मोजायचो, एक, दोन, तीन. चाळीस, कधी पंचेचाळीस. एकदाच पन्नास झाले. मग ती वर आली आणि तिनं तोंडानं श्वास सोडला. त्या श्वासाची शीळ वाजते. मुद्दाम वाजवत नाहीत. इतका वेळ कोंडलेला श्वास सोडताना ती आपोआप वाजते. लांबून ऐकलं तर कोणी एकटं रडतंय असं वाटतं. अजूनही कधी शुऐबाला वारा पडलेला असला आणि लांबून एखादी बारीक शिटी आली की मी हातातली वही ठेवून कान देतो.

तिच्या रुमालावर, बरोबर कपाळावर, जांभळ्या धाग्याचा तारा होता. गोदीतला एक फोरमन लढाईत रंगूनला राहून आलेला होता, मोडकंतोडकं हिंदुस्तानी बोलायचा. त्यानं मला माझ्या हातावर बोटानं काढून दाखवला. सुई एका टोकातून निघते, पाच रेघा मारते आणि जिथून निघाली तिथंच परत येते. धागा तोडायचा नाही, मधे गाठ मारायची नाही. जी खाली जाईल ती निघाल्या जागी परत येईल, असा त्याचा अर्थ. बाजूला एक जाळी शिवलेली असते, तिचा अर्थ डोळे. इतके डोळे राखणीला आहेत म्हटल्यावर खालची बला जवळ येत नाही. तोच फोरमन एका रविवारी आम्हा दोघातिघांना जवळचे दोन खडक दाखवायला घेऊन गेला. समुद्रात उभे, एक मोठा एक लहान, आणि दोघांच्या मधे भाताच्या पेंढ्याची मांडीएवढी जाड दोरी बांधलेली. नवरा-बायको म्हणाला. दोरी खाऱ्या वाऱ्यानं कुजते, म्हणून वर्षातून दोनतीनदा सगळं गाव जमून नवी बांधतं. मला त्याचं हसू आलं होतं. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो आणि मला वाटायचं, एकदा बांधलं की बांधलं.

हे सगळं मी शहरबानूला लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात सांगितलं. ती चुलीपुढे भाकऱ्या थापत होती आणि अम्मा शेजारी गेली होती, म्हणून मला आत बसता आलं. परातीतल्या तांदळाच्या पिठात मी बोटानं तारा काढला. तिनं बघितला, पुसला, स्वतः काढला. पहिल्याच फटक्यात तिचा माझ्यापेक्षा सरळ आला. मग दोरीची गोष्ट ऐकताना तिची तव्यावरची भाकरी करपायला लागली. "म्हंजे बायको खाली नि दादला वर?" ती म्हणाली. "नि ह्यो तारा कोणाच्या कपालावर? जाते तिच्या?" मी म्हटलं, जाते तिच्या. "मग तुमी जाशाल तवां मी काय करू?" माझं परत बोटीवर जायचं चाललं होतं, त्यावरून ती बोलत होती. मी म्हटलं, माझ्या टोपीवर शीव. ती हसली नाही. भाकरी उलटून म्हणाली, "बगू."

टोपीवर तिनं कधी शिवला नाही. साठ साली मी बोटीऐवजी कुवेतला आलो, आणि सहा महिन्यांनी गावचा कोणीतरी पहिलं पार्सल घेऊन आला तर कोपऱ्यात तारा. मला काय आनंद झाला. मी मनाशी म्हटलं, लक्षात ठेवलंन. मी खाली गेलोय, म्हणून ती माझ्यासाठी शिवते, मी निघाल्या जागी परत यावं म्हणून. त्यानंतर कोणीही गावाहून आलं की पार्सल, आणि पार्सलावर तारा, आजच्या आधी अकरा. आमसुलं, सुकी कोळंबी, तांदळाचे पापड, एकदा मुमताजचा पडलेला दुधाचा दात चिंधीत बांधून. आमच्या मुलीचा दात मी पेटीत ठेवला. तारे मात्र ठेवले नाहीत. आहेत, म्हणून बघायचो. बघितले, म्हणून खूश व्हायचो. आणि मग त्या मांजरपाटाचं खोलीत काही ना काही व्हायचं.

आता मी उठून ती कापडं शोधायला लागलो. अकबर खाटेवर आडवा होऊन माझ्याकडे बघत होता. एक स्टोव्हजवळ होतं, भांडं उतरवायचं फडकं झालेलं, राकेलनं पिवळं पडलेलं. तारा होता, पुरा होता. एक पाण्याच्या माठावर बांधलेलं, पुरा. एक माझ्या ट्रंकेच्या तळाशी अंथरलेलं, पुरा. चौथं दाराच्या खालच्या फटीत, वाळू येऊ नये म्हणून कोंबलेलं. ते मी ओढून काढलं, झटकलं, खिडकीशी नेलं. हे गेल्या वर्षीच्या रमजाननंतरचं, या नव्याच्या आधीचं शेवटचं. तारा पुरा होता, पण नीट बघितल्यावर दिसलं की शेवटच्या रेघेत धागा तोडलेला आहे. निम्म्यापर्यंत जांभळा, मग एक गाठ, आणि पुढे काळा. कधीतरी थांबून, दुसऱ्या दिवशी किंवा चार दिवसांनी, हाताला येईल त्या धाग्यानं पुरा केलेला. हे पार्सल मी माझ्या हातानं उसवलं होतं. अकरा महिने ते दाराच्या फटीत होतं आणि रोज सकाळ-संध्याकाळ मी त्याच्यावर पाय देऊन आत-बाहेर केलं होतं.

पार्सलाबरोबर पत्र होतं. पत्र बदरुद्दीनभायच लिहितात. मोठे भाय म्हणून आणि अक्षर चांगलं म्हणूनही. संध्याकाळी ओटीवर बसतात, अम्मा आतून सांगते, त्यांची बायको बिल्कीसभाभी सांगते, शहरबानू दाराआड उभी असते, आणि शेवटी भाय विचारतात, तुला काय लिहायचं आहे. सगळ्या घरासमोर ती काय सांगणार? 'माझा सलाम लिवा.' माझं पत्र गेलं की तेही असंच ओटीवर मोठ्यानं वाचलं जातं, शेजारचेसुद्धा ऐकायला येतात. म्हणून मीही लिहितो, मी खुशाल आहे, मुमताजला प्यार. आमच्याकडे नवराबायकोत पत्रव्यवहार होत नाही, घराचा घराशी होतो. आजचं पत्र नेहमीसारखंच. सर्व खुशाल. अम्माची तब्येत आहे तशीच, अंथरुणावरच, पण काळजी नको, शहरबानू सर्व बघते. कुशीवर वळवण्यापासून सर्व तीच करते. बिल्कीसची कंबर धरली आहे. विहीर आटल्यामुळे पाणी खालून आणावं लागतं, तेही शहरबानू बघते. मुमताज हुशार आहे. तू सही करून टाक, अशी नोकरी परत मिळत नाही, इकडची फिकीर करू नकोस. 'बघते' हा शब्द मी चार वेळा वाचला. दोन वर्षांत आलेल्या प्रत्येक पत्रात तो होता आणि प्रत्येक वेळी मला बरंच वाटलं होतं.

मन मोठं वकील असतं. धागा संपला असेल, मी म्हटलं. घाई झाली असेल. मुमताज आता सात वर्षांची आहे, तिनं हट्ट करून शिवायला घेतला असेल आणि अर्धा टाकून खेळायला पळाली असेल. या शेवटच्यानं मला बराच धीर आला. मी अकबरला विचारलं, हे पार्सल शिवताना तू बघितलंस? "बघितलंव म्हंजे? माज्या समोर तर शिवलान," तो म्हणाला. "मी ओटीवर बसलेलो. भाबी दारात. लाँच सुटायची वेल झालेली. मी बोल्लो, भाबी, बस झाला, आता तरी दे. तर सुई अशी धरून बसली. बसली ती बसलीच." मी विचारलं, धागा संपला होता? अकबरनं दोन हात लांब केले. "एवडा लोंबत होता. दातान तोडलान नि पार्सल दिलान." मग उशीवरची वाळू झटकत म्हणाला, "बारीक झाली हाय भाबी. मी बोल्लो नाय मगाशी. बाकी सगला बरा हाय." बाकी म्हणजे काय, ते मी त्याला विचारलं नाही.

जुम्म्याच्या नमाजनंतर अकबर झोपला आणि मी किनाऱ्यावर गेलो. नवं कापड शिवणीतून सोडवून, घडी करून खिशात ठेवलं होतं. फहाहीलचा समुद्र दुपारी अगदी सपाट असतो. आमच्या खाडीसारखं त्याला तोंड नाही, वळण नाही. जमीन संपते आणि पाणी सुरू होतं, दोन्ही एकाच उंचीवर. सहा वर्षांत मला त्याची सवय झाली नाही. हाजी इद्रीस त्याच्या नेहमीच्या जागी, उलट्या होडीच्या सावलीत बसला होता. आमच्या गोदामाचा हा म्हातारा रखवालदार इथलाच, फहाहीलचा. तरुणपणी मोत्यांच्या होड्यांवर होता, नंतर खजुराच्या गलबतांवरून मुंबईच्या खेपा केलेल्या, म्हणून आमच्याशी हिंदुस्तानी बोलतो, मधेमधे अरबी. जपान म्हटलं की तो वाळूत थुंकतो. तिकडे बांबूच्या तराफ्यांना शिंपले टांगून मोती पिकवायला लागले आणि इकडचे मोत्यांचे हंगाम बसले. मी ते तराफे डोळ्यांनी बघितलेत हे त्याला माहीत आहे, त्यामुळे थोडी थुंकी माझ्या वाट्यालाही येते. आज मी त्याला विचारलं, हाजी, तू किती खोल जायचास? इतक्या वर्षांत हे मी कधी विचारलं नव्हतं, धरूनच चाललो होतो.

"मी?" तो म्हणाला. "मी कधी खाली गेलोच नाही. माझ्या कानाला सोसायचं नाही. मी ओढणारा." त्यानं दोन्ही तळहात माझ्यापुढे उघडे धरले. बोटांच्या मुळाशी आडव्या, गुळगुळीत, पांढऱ्या रेघा होत्या, चाळीस वर्षांपूर्वीच्या दोरीच्या. "प्रत्येक बुडी मारणाऱ्याचा एक ओढणारा असतो. तो दुसऱ्याशी बोलत नाही. खात नाही. पाण्याकडे बघतो." मी विचारलं, झटका कळायचा कसा? लाटेनंही दोरी हलत असेल. त्यानं मान होडीला टेकवली. मला वाटलं डुलकी लागली. "लोकांना वाटतं झटका जोरात येतो," मग तो म्हणाला. "जोरात येत नाही, बाबा. ज्याचा दम संपला तो जोर कुठून आणणार? अगदी हलका येतो. आला की नाही असं वाटायला लावणारा. आणि असं वाटलं की ओढायचं. विचार करत बसायचं नाही. फुकट ओढला तर वर येऊन तो शिव्या देईल. देऊ दे." एवढं सांगून त्यानं डोळे मिटले आणि खरंच झोपला.

मी पाण्याच्या कडेला गेलो आणि कापड उलगडलं. आणि मला ती होडी आठवली. म्हणजे होडी रोजच आठवायची, पण मला आठवायची ती बाई, तिचा रुमाल, तिची शीळ. कारण मी स्वतःला तिच्या जागी धरत होतो. आखातात आलेल्या प्रत्येक कोकण्याला वाटतं की बुडी आपणच मारलीय. इथला उन्हाळा, इथली वाळू, इकामा, म्हणजे राहायचा परवाना, संपायची धास्ती, एका खोलीत सहासहा माणसं. आपण खाली, आणि घरची माणसं वर हवेत, आपल्या दोरीला धरून. मीही तसंच समजत आलो. आज पहिल्यांदा मला त्या होडीतला नवरा आठवला. चाळीस दिवसांत एकदा, शेवटच्या आठवड्यात, मी लहान होडीतून त्याच्या शेजारी गेलो होतो. बायको पाण्याखाली होती. मी मैत्रीनं सिगरेटचं पाकीट पुढे केलं. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नुसती मान हलवली, तीही एवढीशी. दोन्ही हात दोरीवर, डोळे पाण्यावर. मला अपमान वाटला होता. बोटीवर परतल्यावर मी सगळ्यांना सांगितलं की म्हातारा माजोरडा आहे.

जाते तिच्या कपाळावर, असं मीच तिला म्हटलं होतं. आणि तिनं कधी माझ्या टोपीवर शिवला नाही. तिनं शिवला तो तिच्या पार्सलांवर, तिच्या हातच्या कापडांवर, तिच्या मुलखातून निघणाऱ्या वस्तूंवर. तारा तिचा होता. अकरा वेळा ती खाली गेली आणि अकरा वेळा तिनं मला कळवलं की वर आले, अजून दम आहे. मी होडीत बसून आमसुलं मोजून घेतली आणि तारे स्टोव्ह पुसायला वापरले. अम्माला कुशीवर वळवणं, खालून पाणी आणणं, बिल्कीसभाभीची कंबर, ओटीवरचं ते 'माझा सलाम लिवा', यांतलं मला काय दिसत नव्हतं? सगळं पत्रात होतं. लपवलेलं काहीच नव्हतं. मला एकदम तिची इतकी आठवण आली की मी खाली वाळूत बसलो. तिचा चेहरा आठवेना. तिचे हात आठवत होते, पिठात तारा काढणारे, मनगटापर्यंत पांढरे. चेहऱ्याच्या जागी चुलीचा धूर. त्रेसष्टला निघताना तिनं पडवीतून माझ्याकडे बघितलं होतं तेव्हा मी अकबरशी बोटीच्या वेळेबद्दल बोलत होतो.

खोलीवर आल्यावर मी सुईदोरा काढला. बटणं लावायला ठेवलेला पांढरा धागा होता. अर्धी रेघ तर राहिली होती, पाचसहा टाके. सुईत दोरा ओवला, कापड गुडघ्यावर धरलं. मग वाटलं, हा आपण पुरा करायचा नसतो. वर येईल तिनंच तो पुरा करायचा. सुई पुन्हा रिळात टोचून ठेवली. अकबर जागा झाला होता. "उद्या मिरकाबला कंदी जायचा?" त्यानं विचारलं. "आठ वाजतां," मी म्हटलं. "सई करतंस मा?" मी म्हटलं, नाय. तो उठून बसला. "येडा झालास काय? बदरुद्दीनभाय काय म्हंतील?" ते मलाही माहीत होतं. माझ्या पगारावर बांधायच्या माडीच्या पायाचे चिरे अंगणात येऊन पडले होते, आणि मी परत गेलो की ते तसेच राहणार होते, येणाऱ्या-जाणाऱ्याला बसायला. गावात लोक म्हणतील, काढून टाकला असेल. मला भीती वाटत नव्हती असं नाही. अकबर म्हणाला, "लिवलान काय तसा भाबीन?" मी त्याला काय दाखवणार? एका तोकड्या रेघेसाठी माणूस कुवेतची नोकरी सोडतो हे मी त्याच्या जागी असतो तर मलाही पटलं नसतं.

सकाळी मिरकाबच्या ऑफिसात पंखा चालू होता, थंडी असूनही. मुदीर भला माणूस आहे, जाफाचा, अठ्ठेचाळीस साली तिथून हाकललेला, त्याचं स्वतःचं गाव अठरा वर्षं त्याला दिसलेलं नाही. कागद टेबलावर तयार होता, सहीच्या जागी पेन्सिलीनं फुली केलेली. मी म्हटलं, मला तिकीट पाहिजे. त्यानं चष्मा काढला. घरी कोणी वारलं का? नाही. आजारी? आई, पण ती दोन वर्षं आहे. पत्र आलंय? आलंय. काय लिहिलंय? मी म्हटलं, सर्व खुशाल. मग त्यानं सुस्कारा टाकला, कागद बाजूला सारला, आणि जरा बस, नीट विचार कर, म्हणून सिगरेटची डबी माझ्यापुढे उघडली. मी मान हलवली. एवढीशीच हलली. माझे दोन्ही हात मांडीवर होते आणि मुठी मिटलेल्या होत्या, हे मला नंतर दिसलं.

आगबोट बुधवारी होती. बुधवारपर्यंत चार दिवस, मुंबईपर्यंत आठ-नऊ, पुढे लाँचनं एक. शेअर टॅक्सीत बसून मी फहाहीलला परत निघालो. डाव्या हाताला समुद्र अधूनमधून दिसत होता, सपाट, त्यावर काही नाही. शेजारच्या माणसानं मला हिंदुस्तानीत विचारलं, काय पुटपुटतोयस. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ऑफिसच्या जिन्यापासून मी मोजतोय. पन्नास केव्हाच होऊन गेले होते.